मांद्र्याच्या गेस्ट हाऊसचा सर्व्हर तपासून घेतला, त्याचा अनुभव (मोठा आहे, पण वेळ काढून वाचा)

आमचं गोव्यात मांद्र्याला नऊ खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे, सासऱ्यांनी जुन्या घराला लागून बांधलेलं, आणि २०१९ पासून बुकिंगसाठी स्वतःची वेबसाईट आहे, कारण त्या मोठ्या साईट्सचं कमिशन देऊन शेवटी हातात काय उरतं ते या धंद्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. हा रिव्ह्यू वेबसाईटचा नाही. ती ज्या सर्व्हरवर (म्हणजे इंटरनेटला कायम जोडलेल्या कॉम्प्युटरवर) चालते तो आम्ही यंदा पावसाळ्यात फोंड्याच्या दोघांकडून तपासून आणि दुरुस्त करून घेतला, त्या कामाचा आहे. एक मुलगा, एक मुलगी, दोघंच मिळून करतात. त्यांचं नाव इथे लिहीत नाहीये, कारण त्यांनीच पहिल्या दिवशी सांगितलं की ताई, आमचं नाव आणि तुमच्या गेस्ट हाऊसचं नाव एकत्र कुठे लिहू नका, कुणाचा सर्व्हर कोण बघतं हीसुद्धा माहितीच आहे. मला ते पटलं. पण काम कसं केलं, काय सापडलं, काय आवडलं नाही ते सगळं लिहिते, म्हणजे तुम्ही कुणालाही बोलावलंत तरी काय विचारायचं ते कळेल.

झालं असं की जुलैत एका जर्मन पाहुण्याची मेल आली. तो दर दोन वर्षांनी येतो, डिसेंबरचं बुकिंग करत होता. आम्ही परदेशी पाहुण्यांकडून पासपोर्ट आणि व्हिसाचा फोटो आधीच वेबसाईटवर अपलोड करून घेतो, कारण ते आले की २४ तासांच्या आत त्यांची नोंद सरकारला कळवायचा फॉर्म भरावा लागतो, आणि आता मोप्याच्या विमानतळावर विमानं मध्यरात्रीसुद्धा उतरतात, तेव्हा रात्री दोन वाजता दमलेल्या माणसाला कागद मागत बसणं बरं वाटत नाही. तर या पाहुण्याने स्वतःचा पासपोर्ट अपलोड केला, मग नीट गेला का ते बघायला ती लिंक उघडली, आणि लिंकमधलं शेवटचं फाईलचं नाव काढून एंटर दाबलं. समोर अख्खी यादी. २०१९ पासून आमच्याकडे राहिलेल्या परदेशी माणसांचे पासपोर्ट, ६१२ फाईली, नावं काय तर खोली नंबर आणि तारीख. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. त्याने अगदी सभ्य भाषेत लिहिलं होतं की मी एकही फाईल उघडली नाही, पण कृपया लवकर बंद करा.

मी ती मेल बलकावात बसून वाचली आणि खरं सांगते, हातपाय गार पडले. माणूस आपल्या घरात राहायला येतो, आपल्याला पासपोर्ट देतो, तो आपण रस्त्यावर मांडून ठेवला होता.

वेबसाईट माझ्या भाच्याने केलेली, तेव्हा तो इंजिनिअरिंगला होता, आता बंगळुरात नोकरी करतो. त्याला फोन केला, तो बिचारा रडकुंडीला आला, म्हणाला मामी, मी फायरवॉल लावलेला गो. फायरवॉल म्हणजे बाहेरून कोण आत येऊ शकतं ते ठरवणारा राखणदार. त्यावर पुढे येते, कारण त्याने खरोखरच लावला होता.

आधी म्हापशातल्या एका दुकानदाराला विचारलं जो आमचे कॅमेरे बघतो, तो म्हणाला तुमच्या साईटवर कुलपाचं चिन्ह दिसतंय ना, मग सेफ आहे, वाटलं तर महागडं सर्टिफिकेट घ्या. हे ऐकून कुणीही फसेल. कुलपाचं चिन्ह एवढंच सांगतं की पाहुण्याच्या फोनपासून सर्व्हरपर्यंत जाताना मध्ये कुणी वाचू शकत नाही, सर्व्हरवर पोचल्यावर ती फाईल उघड्यावर पडलीय का कपाटात, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. आणि ते सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं, आमच्याकडे ते आधीपासून होतंच. दुसऱ्या एकाने ३५,००० सांगितले आणि नमुना म्हणून जो रिपोर्ट दाखवला तो नुसता एका सॉफ्टवेअरने काढलेला, दुरुस्ती तुमची तुम्ही करा. शेवटी फोंड्याच्या या दोघांचा नंबर माझ्या नणंदेच्या ओळखीतून मिळाला.

पहिला फोन पंधरा मिनिटांचा झाला असेल. मी पासवर्ड व्हॉट्सअॅपवर पाठवते म्हटलं तर मुलगा म्हणाला नको ताई, पासवर्ड मला अजिबात देऊच नका, मी तुम्हाला माझी की (पासवर्डऐवजी लॉगिनला चालणारी डिजिटल किल्ली) पाठवतो, ती तुमच्या भाच्याला सर्व्हरवर टाकायला सांगा, काम झालं की काढून टाका. आणि तपासणी सुरू करायच्या आधी लेखी परवानगी मागितली: कुठला सर्व्हर, कुठल्या तारखा, काय काय करणार, खाली मालक म्हणून माझी सही. मला वाटलं एवढं काय, पण परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरमध्ये शिरायला आयटी कायद्याची मनाई आहे, आणि जो माणूस हा कागद न मागता 'चला लगेच बघतो' म्हणतो त्याला मी तरी आता दारात उभा करणार नाही.

त्या दिवशी संध्याकाळीच त्यांनी पासपोर्टचा फोल्डर बंद केला. तेही नुसती यादी दिसायची बंद नाही, तर तो फोल्डरच बाहेरून पूर्ण अडवला, कारण यादी लपवली तरी ज्याला फाईलचं नाव अंदाजाने लिहिता येतं (खोली नंबर आणि तारीख, सांगा बघू किती कठीण आहे) त्याला फाईल मिळतच राहिली असती. आणि त्याच्याही आधी अख्ख्या डिस्कचा स्नॅपशॉट (जशीच्या तशी प्रत) घेऊन ठेवला. का, तर घाईघाईत साफसफाई केली की कोण येऊन गेलं त्याच्या खुणाही पुसल्या जातात. हे मला कधीच सुचलं नसतं, मी तर फोल्डरच डिलीट कर म्हणत होते.

आता ती यादी उघडी का होती? तर माझ्यामुळे. २०१९ मध्ये मीच भाच्याला म्हटलेलं की मला मोबाईलवर पासपोर्ट पटापट दिसायला हवेत, फॉर्म भरताना लॉगिन-बिगिन नको. त्याने एनजिनेक्समध्ये (वेबसाईट लोकांना दाखवणारा प्रोग्रॅम) एक ओळ टाकली, ऑटोइंडेक्स ऑन, म्हणजे फोल्डरमधल्या फाईलींची यादी दाखव. ती ओळ मुळात बंदच असते, आमच्या सोयीसाठी चालू केली आणि सहा वर्षं तशीच राहिली. आता त्या फाईली वेबसाईटच्या फोल्डरच्या बाहेर आहेत, लॉगिन केल्याशिवाय उघडत नाहीत, नावं लांबलचक आणि कुणाला ओळखता न येणारी आहेत, आणि किती दिवस ठेवायच्या ते वकिलांना विचारून ठरवलंय, मुदत संपली की आपोआप पुसल्या जातात. २०१९ चा पासपोर्ट २०२५ मध्ये आमच्याकडे असायचं खरं तर काही कारणच नव्हतं.

मग दुसऱ्या दिवशी बाहेरून तपासणी. म्हणजे सर्व्हरच्या आत न जाता, जगातला कुणीही जसा बघेल तसं बघायचं, कुठले पोर्ट (सर्व्हरचे नंबर दिलेले दरवाजे) उघडे आहेत. एनमॅप नावाचा फुकट प्रोग्रॅम आहे त्याने. मी त्यांना विचारलं की मांद्र्यातलं नऊ खोल्यांचं गेस्ट हाऊस कोण कशाला शोधत येईल? त्यावर मुलीने जे सांगितलं ते माझ्या डोक्यातून अजून जात नाही. २०१३ मध्ये मिशिगन युनिव्हर्सिटीच्या लोकांनी झेडमॅप नावाचा प्रोग्रॅम काढला, त्याने एका चांगल्या कनेक्शनवरून जगातले सगळे आयपीव्ही४ पत्ते (इंटरनेटवरच्या मशीनचे नंबर) ४५ मिनिटांच्या आत तपासून होतात. शोडान नावाचं तर सर्च इंजिनच आहे २००९ पासून, त्यात उघड्या मशीनच शोधायच्या. म्हणजे आम्हाला कुणी शोधत येत नाही, सगळ्यांचीच दारं रोज ढकलून बघितली जातात आणि जे उघडं सापडेल तिथे शिरतात. जानेवारी २०१७ मध्ये असंच हजारो मोंगोडीबी डेटाबेस कुणीतरी पुसले आणि आत खंडणीची चिठ्ठी ठेवली, त्या डेटाबेसना पासवर्डच नव्हता. आणि हे फक्त आमच्यासारख्या लहानांचंच होतं असं नाही, २०१९ मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेतून सुमारे १० कोटी ६० लाख लोकांची माहिती गेली, तिथेही शिरकाव झाला तो चुकीच्या सेटिंगच्या फायरवॉलमधून.

तर आमचे उघडे पोर्ट. २२ (सर्व्हरवर लॉगिन करायचा), ८० आणि ४४३ (वेबसाईटचे) हे अपेक्षित होते. शिवाय ३३०६ म्हणजे डेटाबेस, ६३७९ म्हणजे रेडिस (पटकन लागणारी तात्पुरती माहिती ठेवणारा प्रोग्रॅम), आणि ८०८० वर पीएचपीमायअॅडमिन, म्हणजे डेटाबेस ब्राऊझरमधून उघडायचं पान. भाचा फोनवर होता, तो म्हणाला अशक्य आहे, आणि त्याने लगेच यूएफडब्ल्यूचं, म्हणजे त्याने लावलेल्या फायरवॉलचं, स्टेटस काढून दाखवलं, खरंच तीनच पोर्ट चालू, बाकी सगळं बंद. बाहेरून बघावं तर सहा.

हा भाग जरा सविस्तर लिहिते, कारण नंतर मी ज्या ज्या आयटीवाल्याला विचारलं त्यातल्या निम्म्यांना हे माहीत नव्हतं. भाच्याने डेटाबेस, रेडिस आणि ते ८०८० वालं पान डॉकरमध्ये चालवलं होतं, म्हणजे प्रत्येक प्रोग्रॅम आपल्या वेगळ्या डब्यात, त्या डब्याला कंटेनर म्हणतात. डॉकरमध्ये पोर्ट बाहेर द्यायला सांगितलं की डॉकर स्वतःचे नियम थेट आयपीटेबल्समध्ये (लिनक्सचा मूळ फायरवॉल, यूएफडब्ल्यूसुद्धा त्याच्यावरच चालतो) टाकतो, आणि बाहेरून आलेलं पॅकेट (माहितीचा तुकडा) यूएफडब्ल्यूच्या नियमांपर्यंत पोचायच्या आधीच कंटेनरकडे वळवलं जातं. म्हणजे पुढच्या दारावर राखणदार बसलाय, तो कुणाला आत सोडत नाही, आणि परसदारातून लोक थेट स्वयंपाकघरात येतायत, राखणदाराला विचारलं तर तो खरंच सांगतो की माझ्यासमोरून कुणी गेलं नाही. यूएफडब्ल्यू खोटं बोलत नव्हता, त्याला दिसतच नव्हतं. भाच्याची यात चूक आहेच, पण ही चूक चांगले चांगले करतात असं त्या दोघांनी त्याला समजावून सांगितलं आणि त्याला एक शब्द वाकडा बोलले नाहीत, हे मला फार आवडलं. पोरगा पहिल्या दिवसापासून अपराधी वाटून घेऊन बसला होता.

उपाय तसा लहान. डॉकरमध्ये पोर्ट लिहिताना नुसतं ३३०६ असं न लिहिता पुढे १२७.०.०.१ लिहायचं, म्हणजे तो पोर्ट फक्त त्या मशीनच्या आतूनच दिसतो, बाहेर जात नाही. कंटेनरने कंटेनरशी बोलायचं असेल तर तेवढंही लागत नाही, ते आतल्या नेटवर्कवर बोलतात. आणि त्यावर दुसरं कडं म्हणून होस्टिंगवाल्याच्या (ज्याच्याकडून सर्व्हर घेतलाय त्याच्या) पॅनलमध्ये जो फायरवॉल असतो तो लावला, तो मशीनच्या बाहेर असतो त्यामुळे डॉकरला तो वळसा घालून टाळता येत नाही.

रेडिसला पासवर्ड नव्हता. रेडिसमध्ये २०१६ पासून, म्हणजे ३.२ पासून, एक प्रोटेक्टेड मोड आहे जो पासवर्ड नसेल तर बाहेरच्याला आत घेत नाही, पण रेडिसची डॉकरसाठी जी अधिकृत इमेज (तयार साचा) आहे तिच्यात तो मोड बंद ठेवलेला असतो, कारण नाहीतर दुसरे कंटेनर बोलू शकत नाहीत. आमच्या रेडिसमध्ये लॉगिन झालेल्यांचे सेशन (हा माणूस आत आहे अशी नोंद) असायचे, माझ्यासकट. कुणीही वाचू शकत होतं. डेटाबेसला पासवर्ड होता, गेस्ट हाऊसचं नाव आणि पुढे १२३, तेव्हा तो होता काय आणि नव्हता काय.

अजून काय सापडलं ते भराभर सांगते. वेबसाईटच्या फोल्डरमध्येच एक जुनी बॅकअप झिप पडलेली, पत्ता टाकला की डाऊनलोड. डॉट-ईएनव्ही नावाची फाईल, जिच्यात डेटाबेसचा पासवर्ड आणि पेमेंट गेटवेची की, तीही बाहेरून उघडत होती. डॉट-गिट फोल्डरही (कोडमधल्या सगळ्या बदलांचा इतिहास त्यात असतो), आणि हे जास्त वाईट, कारण त्यातून अख्खा कोड परत उभा करता येतो आणि पूर्वी कधीतरी लिहिलेला आणि मग काढून टाकलेला पासवर्डसुद्धा इतिहासात सापडतो. म्हणून मुलीचं म्हणणं होतं की फाईल लपवून भागत नाही, त्यात जे जे पासवर्ड आणि की होत्या त्या सगळ्या गेल्या असं धरायचं आणि नवीन करायच्या. एक आख्खी दुपार त्यात गेली, पेमेंटवाल्यांची की, मेलची की, सगळं.

टेस्टचं एक सबडोमेन, म्हणजे आमच्याच वेबसाईटच्या पत्त्याखालचा वेगळा पत्ता, होतं, भाच्याने नवीन डिझाईन करून बघायला काढलेलं आणि विसरलेलं, तिथे अॅडमिनचं नाव अॅडमिन आणि पासवर्डही अॅडमिन. भाचा म्हणाला पण तो पत्ता मी कुणालाच दिलेला नव्हता. तर जेव्हा त्या पत्त्यासाठी सर्टिफिकेट घेतलं तेव्हा ते नाव सर्टिफिकेट ट्रान्स्परन्सीच्या सार्वजनिक नोंदीत गेलं, तिथे कुणीही आमच्या डोमेनचं नाव टाकून त्याखालचे सगळे पत्ते बघू शकतं. मी स्वतः मोबाईलवर बघितले, टेस्टच काय, २०२० मधला अजून एक निघाला जो भाच्यालाही आठवत नव्हता.

आणि सर्व्हर उबुंटू १८.०४ वर (उबुंटू ही सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टीम, आकडा आवृत्तीचा). त्याचा साधा सपोर्ट मे २०२३ मध्येच संपला, म्हणजे दोन वर्षांत नवीन सापडलेली कुठलीही फट तिथे बुजलेली नव्हती. आत कुणी शिरून काही ठेवून गेलंय का ते त्यांनी दीड दिवस बघितलं, अनोळखी की, वेळेवर आपोआप चालणारी कामं, विचित्र प्रोसेस, काही सापडलं नाही. तरीही म्हणाले जुन्या मशीनवर विश्वास ठेवून डागडुजी करत बसू नका, नवीन सर्व्हर उभा करू आणि फक्त माहिती तिकडे नेऊ. तसंच केलं, २४.०४ वर.

नवीन सर्व्हरवरची एक गोष्ट सांगितलीच पाहिजे कारण माझ्यासमोर झाली. एसएसएचला (दुरून सर्व्हरवर लॉगिन करायची सोय) पासवर्डने लॉगिन बंद करायचं, फक्त कीने, आणि रूटने (सगळे अधिकार असलेल्या खात्याने) थेट लॉगिन नाही, हे ठरलेलं. मुलाने मुख्य फाईलमध्ये पासवर्ड नो असं लिहिलं, सर्व्हिस रिस्टार्ट केली. झालं असं मला वाटलं. त्याने दुसरी खिडकी उघडून पासवर्डने लॉगिन करून बघितलं, तर सर्व्हरने पासवर्ड विचारला! कारण होस्टिंगवाल्याच्या इमेजमध्ये शेजारच्या फोल्डरात क्लाऊड-इनिटची (नवीन सर्व्हरची पहिली मांडणी करणारा प्रोग्रॅम) एक छोटी फाईल असते, तिच्यात यस लिहिलेलं, ती आधी वाचली जाते, आणि एसएसएच जे पहिल्यांदा वाचतो तेच धरतो. मग त्याने सर्व्हरला विचारायची कमांड दाखवली, एसएसएचडी पुढे डॅश आणि मोठा टी, त्यात फाईलमध्ये काय लिहिलंय ते नाही तर प्रत्यक्षात काय लागू आहे ते दिसतं. त्यांच्या सगळ्या कामाची पद्धत हीच होती, प्रत्येक दुरुस्तीनंतर बाहेरून येऊन परत ढकलून बघायचं. मला वाटतं माझे पैसे इथे वसूल झाले.

बॅकअप. भाच्याने रोजचा बॅकअप लावलेला होता, रोज रात्री फाईल बनतही होती. मुलीने म्हटलं यातली एक उघडून डेटाबेस परत उभा करून दाखवू. उघडली, आत काही नाही. डेटाबेसचा पासवर्ड २०२२ मध्ये बदलला होता, बॅकअपच्या स्क्रिप्टमध्ये जुनाच राहिला, तेव्हापासून तीन वर्षं रोज रिकामी फाईल. आणि तीही त्याच सर्व्हरवर. एखाद्या रात्री तो सर्व्हर गेला असता तर डिसेंबरची सगळी बुकिंगं गेली असती आणि नाताळात दारात उभ्या राहिलेल्या माणसाला मी काय सांगितलं असतं. आता रोजचा बॅकअप दुसऱ्या कंपनीच्या जागेत जातो, एन्क्रिप्ट होऊन, आमच्या सर्व्हरला तिथे नवीन फाईल टाकता येते पण जुनी पुसता येत नाही, आणि महिन्याला एकदा एक बॅकअप उघडून बघायचा. ते मी स्वतः करते, सात मिनिटं लागतात.

जी गोष्ट सर्व्हरवर नव्हतीच आणि तरी सगळ्यात धोक्याची निघाली ती म्हणजे डोमेन (वेबसाईटचा पत्ता) कुणाच्या नावावर आहे. भाच्याने कॉलेजच्या ईमेलवरून घेतलेलं. ते ईमेल तो पास झाल्यावर बंद झालं. म्हणजे मुदत संपल्याची सूचना, पासवर्ड बदलायची लिंक, सगळं अशा पेटीत जात होतं जी अस्तित्वातच नाही. ते आमच्या नावावर आणायला कागदपत्रं देऊन ११ दिवस लागले. आता डोमेन आणि होस्टिंग दोन्ही गेस्ट हाऊसच्या मेलवर, दोन्हीला टू-फॅक्टर (पासवर्डशिवाय आणखी एक कोड), आणि अडचणीत वापरायचे कोड कागदावर लिहून देवघराच्या कपाटात. तुमच्यापैकी ज्यांची वेबसाईट पुतण्याने-भाच्याने-मित्राने केलीय त्यांनी आज रात्री एवढं तरी बघा, बाकी राहू दे.

आता जे मला अजून टोचतं ते. पाहुण्यांना काय सांगायचं? आमच्या वेब सर्व्हरचे लॉग (कुणी कधी काय उघडलं त्याच्या नोंदी) उबुंटूच्या नेहमीच्या सेटिंगप्रमाणे १४ दिवस राहतात, मग पुसले जातात. त्या १४ दिवसांत ती यादी जर्मन पाहुण्याशिवाय आणि माझ्या फोनशिवाय आणखी एका अनोळखी पत्त्यावरून उघडलेली दिसली, फाईल एकही उतरवलेली नाही. पण त्याआधीच्या सहा वर्षांत? काहीच सांगता येत नाही. सर्ट-इनच्या (सरकारची सायबर सुरक्षा संस्था) एप्रिल २०२२ च्या निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायला आणि घटना कळल्यापासून ६ तासांत कळवायला सांगितलंय, आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. कळवलं, उशिरा का होईना, मेलचा मजकूर त्या दोघांनी करून दिला. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात माहिती नीट न सांभाळल्याबद्दल दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो हेही त्यांनीच सांगितलं, पण घाबरवून काम वाढवायला नाही, विचारलं तेव्हा सांगितलं.

मी आणि नवऱ्याने ठरवलं की ज्यांचे ईमेल आहेत त्या सगळ्यांना लिहायचं. नवरा आधी म्हणाला सीझन तोंडावर आलाय, कशाला स्वतःच्या हाताने, पण सासूबाई म्हणाल्या त्यांच्या वस्तूचं त्यांना सांगायला नको का, आणि विषय संपला. तीन संध्याकाळी लागल्या. बहुतेकांनी आभार मानले, दोघं चिडले आणि त्यांचं चिडणं रास्त होतं, एकाने बुकिंग रद्द केलं. त्याचे पैसे पूर्ण परत केले.

आता काय आवडलं नाही ते. रिपोर्ट ३८ पानी आणि पूर्ण इंग्रजीत, स्क्रीनशॉटनी भरलेला, भाच्याच्या कामाचा पण माझ्या नाही. मराठीत द्या म्हटलं, दोनदा मागितल्यावर दोन पानं मिळाली. ती दोन पानं मात्र इतकी सुंदर आहेत की आधीच का नाही दिली कळत नाही: कुठले पोर्ट उघडे असायला हवेत, कुठली मेल आली तर घाबरायचं, कुठली आली तर सोडून द्यायची, काय बिघडलं तर आधी कुणाला फोन. मी लॅमिनेट करून रिसेप्शनच्या मागे आतल्या बाजूला लावलीयत.

दुसरं, नवीन सर्व्हरवर जाताना साईट एक तास बंद राहील म्हणाले आणि शनिवारी जवळजवळ पाच तास बंद राहिली, कारण जुना कोड पीएचपी (वेबसाईट लिहायची भाषा) ७.२ चा आणि नवीन सर्व्हरवर ८.३, अर्ध्या गोष्टी चालेनात, भाचा बंगळुराहून बसून एकेक ओळ बदलत होता. पावसाळा होता म्हणून निभावलं, मी वहीत बुकिंग घेत होते. हे आधी वेगळ्या पत्त्यावर करून बघायला हवं होतं, आणि त्यांनी तसं मान्यही केलं. तिसरं, रात्री-अपरात्री लक्ष ठेवायची सेवा ते देत नाहीत, दोघंच आहेत, आणि वेबसाईटचा कोड स्वतः तपासत नाहीत, फक्त सर्व्हर. म्हणजे कोडमध्ये एखादी फट असेल तर ती अजून तिथेच आहे, त्याचं वेगळं काम पुढच्या वर्षी करायचंय. हे त्यांनी पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगितलेलं, पण तुम्ही गृहीत धरू नका म्हणून लिहिलं.

पैसे १८,००० झाले, त्यात तपासणी, दुरुस्ती, नवीन सर्व्हर उभा करणं, भाच्याला दोन तास शिकवणं आणि वर्षभर दर सोमवारी बाहेरून आपोआप तपासणी होऊन मला मेल. अपडेट आता आपोआप होतात, रिस्टार्ट लागला तर दुपारी तीनला, कारण मध्यरात्री आमच्याकडे विमानाचे पाहुणे दारात कोड टाकत असतात आणि तो कोड वेबसाईटवरूनच येतो. वेळ कुठली बरी हे त्यांनी मला विचारून ठरवलं, स्वतःहून पहाटे चार लावून टाकली नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा त्या शनिवारचा आणि इंग्रजी रिपोर्टचा कापला.

चवथीनंतर दोन आठवड्यांनी सोमवारची मेल आली, त्यात चार पोर्ट. लॅमिनेट केलेल्या कागदावर तीनच आहेत, २२, ८०, ४४३. चौथा ८०८०. मी भाच्याला फोन लावला, तो ऑफिसात होता, म्हणाला अगो मामी, शनिवारी काहीतरी बघायला पॅनलमधून उघडलेला, बंद करायचा राहिला. दहा मिनिटांनी त्याचा मेसेज आला, आणि मी परत तपासणी चालवली. तीन.